आईची वही आणि जड झालेलं स्टिअरिंग

तुमच्या घरात असा एखादा मिक्सर आहे का, जो घरी खडखड करतो आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला की शहाण्या मुलासारखा चालतो? दुकानदार आपल्याकडे बघतो आणि आपण ओशाळून मिक्सर पुन्हा पिशवीत भरतो. आमच्याकडे हेच झालं, फक्त मिक्सरच्या जागी गाडी होती.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारच्या मागे एका गल्लीत राहतो, जिथे गाडी वळवायची म्हणजे तीनदा पुढे, तीनदा मागे. गाडी 2019 ची, छोटी हॅचबॅक. बाबा ती रविवारी सकाळी भाजीला नेतात, बाकी सगळं आईच चालवते. आई वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकली, कारण आजीचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, दुपारी नेऊन सोडायचं आणि संध्याकाळी सातच्या सुमारास परत आणायचं.

2024 च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. गल्लीत वळताना आईच्या हातातलं स्टिअरिंग अचानक दगडासारखं जड झालं. जणू पलीकडून कोणी धरून ठेवलंय. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं चित्र आणि उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला आणि गाडीचा कोपरा शेजारच्यांच्या ओट्याला घासला. मागे आजी बसलेली. आईने गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तर दिवा गायब आणि स्टिअरिंग लोण्यासारखं मऊ.

बाबा म्हणाले, "क्लच सुटला असेल, गाडी बंद पडली असेल." मी त्याहून वाईट वागले. मी म्हणाले, "आई, तू ना उगाच घाबरतेस."

पुढच्या दोन महिन्यांत हे सात वेळा झालं. प्रत्येक वेळी आईच्याच हातात. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पहिल्या वेळी कोड पुसून दिला आणि म्हणाले, काही नाही. दुसऱ्या वेळी बॅटरी बदलली, 4,800 रुपये. तिसऱ्या वेळी म्हणाले की स्टिअरिंगचा अख्खा कॉलम बदलावा लागेल, 38,000 अधिक मजुरी. आणि हळूच बाबांना विचारलं, "गाडी मॅडम चालवतात का?" जानेवारीत आईने चावी टीव्हीवर ठेवली ती ठेवलीच. आजी डायलिसिसहून रिक्षातून येऊ लागली. चार तासांनंतर थकलेलं माणूस आणि रिक्षाचे धक्के, मी वेगळं काय सांगू?

मला काम दिलं गेलं ते माझ्या लायकीचं: कंपनीला इंग्रजीत कडक मेल लिही. तारखा हव्या होत्या म्हणून आईला विचारलं, तर तिने दुधाच्या हिशोबाची वही काढली. शेवटच्या पानांवर सगळं लिहिलेलं होतं. तारीख, वेळ, कुठे, काय चालू होतं. "सायंकाळी 7.10, गल्लीत रिव्हर्स, दिवे चालू, काचेचा पंखा चालू." "7.20, पाऊस, वायपर." आणि एका ओळीखाली दोनदा रेघ मारलेली: "स्टिअरिंग फिरवलं की समोरच्या भिंतीवरचा उजेड कमी होतो."

सातही वेळा अंधारात. सातही वेळा दिवे चालू आणि गाडी जवळजवळ जागेवर. बाबा चालवत सकाळी आणि सर्व्हिस सेंटरचा मुलगा टेस्ट ड्राइव्ह घेई भर दुपारी. त्यांना कसं दिसणार होतं?

मेल राहिला बाजूला. मी ती वही घेऊन एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने मराठी वही माझ्याकडून वाचून घेतली आणि भिंतीवरच्या उजेडापाशी मला थांबवलं. म्हणाला, "बेनला सांग, गाडी संध्याकाळी सातलाच आण."

थोडं समजून घेऊ या, अवघड नाही. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. आपण चाक किती जोराने फिरवतोय हे एक सेन्सर बघतो आणि त्याप्रमाणे एक मोटर आपल्याला हात देते. गाडी जागेवर असताना टायर वळवायला सगळ्यात जास्त जोर लागतो, त्यामुळे तेव्हा ही मोटर 40-50 अँपिअरपर्यंत करंट ओढू शकते. साध्या बल्बचे दोन्ही हेडलाइट मिळून दहाच्या आसपास घेतात, त्यावरून अंदाज करा. एवढा करंट मिळाला नाही आणि व्होल्टेज पडलं, की कंट्रोल युनिट मदत बंद करतं आणि दिवा लावतं. गाडी पुन्हा सुरू केली की सगळं तपासून परत चालू. म्हणूनच तो लपंडाव.

त्याने सातला गाडी चालू ठेवली, दिवे लावले, पंखा फुल केला आणि आईला जागेवरच स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी गाडीच्या पत्र्यावर. आकडा जवळजवळ शून्य असायला हवा. तो दोनच्या जवळ गेला, दिवे मंदावले आणि आईच्या हातात स्टिअरिंग जड झालं. पहिल्यांदाच साक्षीदारांसमोर! आई काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

दोष होता अर्थच्या केबलमध्ये. ती खाली जिथे बोल्टने कसलेली असते तिथे हिरवट-तांबूस गंज चढला होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमची गाडी दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. नंतर कार्पेट सुकवलं, सीट धुतल्या, तेल बदललं. हा बोल्ट कोणीच पाहिला नाही. नवी केबल, घासलेला पत्रा, वर ग्रीस, सगळं मिळून 650 रुपये.

प्रत्येक गाडीत हेच निघेल असं नाही. कधी अल्टरनेटर कमी चार्ज करतो, कधी खरोखर मोटर किंवा सेन्सर जातो आणि कॉलम बदलावाच लागतो. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये तर तेल गळणं, पंप किंवा पट्टा ही वेगळीच कहाणी, तिथे वळताना घुंईई असा आवाज येतो. टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं, ते आधी बघा, फुकट आहे. पण 38,000 चा पार्ट बदलण्याआधी बॅटरीचे टर्मिनल, चार्जिंग आणि अर्थ लोडवर तपासलं का, एवढं विचाराच. कोड पुसण्याआधी तो कागदावर मागा. दिव्याचा फोटो काढा, पण गाडी थांबवून किंवा शेजारी बसलेल्याला सांगून. प्रत्येक वेळचं जॉब कार्ड जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. आणि कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून तुमच्या गाडीला रिकॉल आहे का तेही बघा.

चालत्या गाडीत असं झालं तर? मला वाटत होतं की स्टिअरिंग लॉक होतं. तसं नाही. गेलेली असते ती मोटरची मदत. चाकांशी असलेली जोडणी तशीच असते. दोन्ही हातांनी घट्ट धरा, जोर लावला की गाडी वळते. वेग कमी करा, हजार्ड लाइट लावा, कडेला घ्या. मात्र गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी फिरवून बंद करायची नाही. चावी काढली तर स्टिअरिंग खरंच लॉक होऊ शकतं आणि इंजिन बंद झालं की ब्रेकही कडक होतो. आणि दोष सापडेपर्यंत "रिस्टार्ट केलं, झालं" म्हणून हायवेवर नेऊ नका.

बाबांनी आईला सॉरी म्हटलं नाही, त्यांच्या पिढीत ते नसतं. त्यांनी शेजारच्यांचा ओटा स्वतः उभं राहून नीट करून घेतला. मी म्हटलं, उशिरा. आई म्हणाली, "बरं. आता मंगळवारी आजीसोबत तू पण चल, मागे बसून तिचा हात धर."

मंगळवारी सात वाजता आम्ही गल्लीत शिरलो. आईने रिव्हर्स टाकला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. उजेड तसाच होता. मागून आजी म्हणाली, "अगं, घे ना आत, भूक लागलीये."