मारहाण हा दवाखान्याचाच विषय आहे

‘नवरा-बायकोच्या भांडणात डॉक्टरांनी कशाला पडायचं? आमचं काम औषध देण्याचं. बाकीचं बघायला पोलीस आहेत, कोर्ट आहे.’ वैद्यकीय क्षेत्रातली जाणती, सहृदय माणसंही हे बोलतात. हे मत मला साफ अमान्य आहे. ते ज्या कारणांवर उभं आहे, ती एकेक करून तपासायला हवीत.

पहिलं कारण असं, की मार लागला तर जखम दिसेल आणि दिसली की उपचार होतातच. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं धाकात जगणारी बाई ओपीडीत येते ती डोकेदुखी, ओटीपोटातलं जुनं दुखणं, उडालेली झोप, धडधड, नको असलेलं गरोदरपण अशा तक्रारी घेऊन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य इतर स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आढळलं आणि त्यांना कमी वजनाचं मूल होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त दिसली. गरोदरपणी पोटावर लाथ बसली, तर वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. कारण न विचारता अशा बाईला वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या देऊन परत पाठवणं म्हणजे अर्धवट निदान. जिच्या मनात जीव द्यायचे विचार घोळत आहेत, तिच्या हाती त्या गोळ्या देणं तर धोक्याचंच. ‘चुकून औषध प्यायली’ अशी नोंद होते, तेव्हाही घरात काय घडलं हे विचारायचं राहून जातं.

दुसरं कारण सांगतात, की बाई स्वतःच लपवते. ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ म्हणते. म्हणणारच! शेजारी नवरा उभा असतो, केसपेपर सासूच्या हातात असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. इतक्या जणी गप्प असताना ‘सांगेल तर ऐकू’ हे धोरण कामाचं नाही.

तिसरा आक्षेप कायद्याच्या गैरवापराचा. विचारपूस म्हणजे फिर्याद नव्हे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. तो शारीरिक आणि मानसिक आरोग्याला होणारी इजाही हिंसाच मानतो आणि बाईने मागितली तर वैद्यकीय मदत देणं रुग्णालयाला बंधनकारक करतो. तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. राहिला खोटेपणाचा संशय. जखम कुठे, केवढी, किती जुनी, बाईने काय सांगितलं, हे त्याच दिवशी नीट लिहिलेलं असेल, तर सत्य बाहेर यायला मदतच होते. खोट्या आरोपाची भीती ज्यांना वाटते, त्यांनी तर अशा नोंदींचा आग्रह आधी धरायला हवा.

शेवटचा आक्षेप प्रामाणिक आहे: वेळ कुठे आहे आणि विचारल्यावर पुढे काय करायचं? याचं उत्तर मुंबईतच आहे. २००० च्या सुमारास ‘सेहत’ या संस्थेने महापालिकेसोबत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं. तिथल्याच डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रशिक्षण मिळालं, समुपदेशन रुग्णालयातच होऊ लागलं. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. गर्दीच्या सरकारी दवाखान्यात जे जमलं, ते इतरत्र जमणार नाही असं म्हणायला जागा उरत नाही.

म्हणून आग्रह असा. साखरेची, रक्तदाबाची चौकशी आपण न संकोचता करतो. तसंच लक्षणं संशयास्पद असतील तेव्हा ‘घरी कुणी मारतं का? कुणाची भीती वाटते का?’ हे विचारायला हवं. मात्र बाई एकटी असताना. नातेवाइकांसमोर विचारलेला प्रश्न तिला घरी गेल्यावर महागात पडू शकतो. तिच्या हाती पत्रक देण्याआधी ते घरी कुणाच्या नजरेस पडेल का, हेही तिलाच विचारावं. सांगितलेल्यावर विश्वास ठेवावा, ‘जरा सांभाळून घ्या’ हा सल्ला देऊ नये. आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का, हे पाहावं. १८१ ही हेल्पलाइन आणि संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता तयार ठेवावा. पुढचं पाऊल कोणतं, हे तिने ठरवावं.

गावातल्या पुष्कळ बायका पोलीस ठाण्याची पायरी कधी चढत नाहीत, पण बाळंतपणासाठी, लेकराच्या लसीसाठी दवाखान्यात येतातच. मदतीचं पहिलं दार तिथेच उघडता येतं. ते उघडणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि वैद्यकीय शिक्षणातही तो तसाच शिकवला गेला पाहिजे.