मिशनबंगल्यातली मुले आणि आपली मुले

दर वर्षी ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपण 'मिशन संडे' साजरा करतो. वेदीवरून आवाहन होते, पाकिटे वाटली जातात, चर्चच्या आवारात खाऊचे स्टॉल लागतात, आणि जमलेली रक्कम जाहीर झाली की आपले मिशनकार्य वर्षभरापुरते आटोपते. ह्या सोहळ्यात आपल्या डोळ्यांपुढे जो मिशनरी उभा असतो तो नेहमी एकटा असतो. वसईत जन्मलेला आणि १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर प्राण देणारा संत गोन्सालो गार्सिया, किंवा कुठल्याशा आदिवासी पाड्यावर दवाखाना चालवणारी आपल्याच गावची सिस्टर. ह्या चित्रात घर नाही, चूल नाही, रडणारे मूल नाही. त्यामुळे मिशन हे घर सोडणाऱ्यांचे काम आणि घरात राहणाऱ्यांनी फक्त पाकीट भरावे, अशी सोयीस्कर वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. आगाशीपासून सांडोरपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांत ख्रिस्ती श्रद्धेचे पुढे काय व्हायचे, हे आज आपल्या स्वयंपाकघरात ठरत आहे. आई मुलाला कोणत्या भाषेत जेवायला हाक मारते, तिथे ठरत आहे.

संसार आणि मिशन एकाच छपराखाली कसे नांदतात हे पाहायचे तर आपल्या ब्रह्मचारी धर्मगुरूंच्या परंपरेत उदाहरण सापडणे कठीण. ते शेजारच्या दारी मागावे लागते. प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मराठी मिशनचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी जाणून आहे. परंतु मुलांना वाढवण्याची अडचण पंथ पाहून येत नाही.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. नॉट ह्यांच्या सोबत त्यांची पत्नी रोक्साना होती. म्हणजे ह्या मिशनचा पहिला दिवसच कुटुंबासह उजाडला. १८३१ मध्ये अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, त्यांचे ठाणे पडले. १८४२ मध्ये तिथे 'ज्ञानोदय' निघाले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ बॅलंटाइन, फेअरबँक, ह्यूम अशी घराणी नगर, राहुरी, वडाळा, मुंबई ह्या भागांत नांदली. नांदली हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. त्यांच्या अहवालांतून शाळा आणि बाप्तिस्मे मोजले जात. पण अहवालामागे एक घर होते. मूल तापाने फणफणले तर जवळ डॉक्टर नाही. आजीला नातवाच्या जन्माची बातमी कळायला कित्येक महिने लागत, कारण सुएझचा कालवा १८६९ पर्यंत खुला झालेला नव्हता आणि जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाई. हॉल ह्यांची पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये आजारी मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली. एक मुलगा वाटेतच गेला. पुढच्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला फिरतीवर असताना हॉल पटकीने वारले. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून निघाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये मायदेशी परतताना समुद्रातच निवर्तले, तेव्हा मुंबईत जन्मलेला त्यांचा रॉबर्ट सात वर्षांचा होता. तोच रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ मध्ये मिशनरी होऊन नगरला परत आला. त्याचा भाऊ एडवर्ड मुंबईस आला.

ह्या घरांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न अन्नाचा नव्हता की उन्हाचा नव्हता. मूल कोणाचे, हा होता. ते आयाच्या कडेवर वाढे, माळ्याच्या पोरांबरोबर खेळे, आणि आईवडिलांना धास्ती वाटे की हे आपल्या हातून निसटणार. म्हणून शिकण्याचे वय झाले की मुलांची ताटातूट होई. कोणी अमेरिकेस नातलगांकडे जाई. पुढे १९०१ मध्ये कोडाइकॅनल येथे अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळाच निघाली. ह्या धोरणाची टोकाची तऱ्हा पाहायची तर त्याच मिशनसंस्थेच्या हवाई बेटांवरील शाखेकडे पाहावे. १८२० पासून तिथे गेलेल्या मिशनरी मातापित्यांनी आपली मुले हवाईयन लोकांपासून आणि त्यांच्या भाषेपासून कटाक्षाने दूर ठेवली, आणि त्यांच्यासाठी १८४१ मध्ये पुनाहौ ही वेगळी शाळा काढली. त्या मुलांतून आणि नातवंडांतून पुढे उसाच्या मळ्यांचे धनी निपजले. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणाऱ्यांत मिशनऱ्यांचे वंशज आघाडीवर होते, आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. ह्या सगळ्याचे खापर भाषेवर फोडणे अन्यायाचे होईल. त्या वंशजांतील काहींना हवाईयन बोलता येत असे. पण एखादी भाषा बोलता येणे निराळे आणि त्या भाषेत आपले घर असणे निराळे. मजुराला हुकूम सोडण्यापुरती भाषा कोणालाही येते.

नगरच्या घरांनी दुसरा प्रकारही दाखवला. हेन्री बॅलंटाइन ह्यांनी मराठीत ख्रिस्ती गीते रचली. त्यांचा मुलगा डॉक्टर होऊन राहुरीला राहिला. सॅम्युएल फेअरबँक ह्यांच्यानंतर त्यांच्या मुलाने वडाळ्याचे काम चालवले. एडवर्ड ह्यूम ह्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम ह्याने प्रमुख तेरा उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण आपल्या कॅथलिक वाचकांनी जे नाव पाठ करून ठेवावे ते जस्टिन ॲबट ह्यांचे. त्यांचे वडील एमॉस ॲबट नगरकडचे मिशनरी; जस्टिन ह्यांचे बालपण आईवडिलांसोबत ह्याच मुलखात गेले. स्वतः मुंबईत मिशनरी म्हणून आयुष्याची उमेदीची वर्षे घालवल्यावर ते अमेरिकेस परतले, आणि तिथे म्हातारपणी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, महिपती ह्यांना इंग्रजीत नेत बसले. १९३२ मध्ये ते वारले तेव्हाही ते काम संपलेले नव्हते. आणि ह्याच ॲबटसाहेबांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत लंडनमधील मार्सडेन संग्रहातून फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी प्रत उजेडात आणली.

ही गोष्ट जरा थांबून मनात घोळवण्यासारखी आहे. इंग्लंडात जन्मलेला एक जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास येतो आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तचरित्र छापतो, तेही रोमन अक्षरांत. तीनशे वर्षांनी त्याच ग्रंथाची आपल्या लिपीतील प्रत ओळखतो तो एक प्रॉटेस्टंट अमेरिकन मिशनऱ्याचा मुलगा. का ओळखू शकला? ग्रंथालये आणि पदव्या तर पुष्कळांकडे होत्या. त्याच्या कानांत लहानपणची मराठी होती.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्यापाशी हे धन उसने आणलेले नाही. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, पोर्तुगीज मठवासी निघून गेले, मोठमोठी चर्चे ओस पडली. उरलेल्या मूठभर धर्मगुरूंच्या हाती सारा प्रदेश आला. त्या काळात श्रद्धा कोणी सांभाळली? घरांनी. वाडवळी आणि सामवेदी बोलणाऱ्या आयाबायांनी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ मध्ये कुटुंबावरील आपल्या पत्रात ते पुन्हा सांगितले. आपल्या पूर्वजांनी ते शब्द न ऐकताच करून दाखवले होते. त्याच परिषदेमुळे लॅटिन मिस्सा जाऊन मराठी मिस्सा आली. जी पिढी 'दोमिनुस वोबिस्कुम'ला अर्थ न कळता उत्तर देई तिला आपल्या भाषेत देवाशी बोलता येऊ लागले. त्याला अजून पुरती साठ-सत्तर वर्षेही झाली नाहीत, तोच नातवंडांसाठी इंग्रजी मिस्सा हवी असा अर्ज पालकच घेऊन येतात. कारण काय, तर मुलांना मराठी प्रवचन समजत नाही! हे मूल मॅसॅच्युसेट्सहून आलेले नसते. ते आगाशीतच, चर्चच्या घंटेच्या टप्प्यात जन्मलेले असते. मिशनबंगल्याची भिंत परक्यांनी परक्या देशात भीतीपोटी बांधली होती. आपण ती आपल्याच ओटीवर, आजी आणि नातवाच्या मधोमध, हौसेने बांधत आहोत. आजी वाडवळीत विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो, आणि सून दोघांमध्ये दुभाषी होते. नातवाला मराठी येतच नाही असे नाही. भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईशी तो मराठी बोलतो. हवाईच्या मळेवाल्यांना यायची तितकी त्यालाही येते.

ह्यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले उत्तर पोटाचे: इंग्रजीवाचून नोकरी नाही. हे खरे आहे आणि त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मुलांनी इंग्रजी उत्तम शिकावी, हवे तर शाळाही इंग्रजी असावी. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या विकून इमारती उठलेल्या ह्या गावात बापाने मुलाला वाडीच्या भरवशावर ठेवावे असे कोण म्हणेल? परंतु मुलाखत इंग्रजीत व्हायची आहे म्हणून जपमाळही इंग्रजीत म्हटली पाहिजे, हा न्याय मला समजत नाही. कार्यालयाची भाषा संध्याकाळी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवता येते. दुसरे उत्तर असे की मराठीचा आग्रह म्हणजे राजकारण. ज्यांनी झेंडे नाचवायचे ते नाचवोत. स्टीफन्स कोणत्या पक्षाचे होते? तिसरे उत्तर जरा विचार करण्याजोगे आहे. वसई-विरारच्या इमारतींत आता मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे कॅथलिक बांधव राहतात, त्यांनी कोणत्या भाषेत प्रार्थना करावी? त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा अवश्य असावी. पण त्यांची ढाल पुढे करून आपल्या घरचा आळस झाकू नये. ते बांधव घरी तुळू, कोकणी, मल्याळम बोलतात, हे आपण सोयीने विसरतो.

खरा दोष केवळ पालकांचाही नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग जिथे इंग्रजीत भरतात, तिथे मुलाने पाठ केलेले आजीला ऐकवता येत नाही, आणि आजीला येणारे मुलाला 'चुकीचे' वाटू लागते. शिकवणाऱ्यांना पुस्तक इंग्रजीत सोपे जाते, एवढ्याच कारणावर एक साखळी तुटते. नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले, 'सुवार्ता' चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. आपण सत्कार केले, छायाचित्रे काढून घेतली. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा हळहळलोही. त्यांचे 'सुबोध बायबल' आपल्यातल्या कित्येकांच्या काचेच्या कपाटात आहे. ते उघडून वाचू शकणारे त्या घरातले सर्वांत लहान माणूस किती वर्षांचे आहे, हे कोणी पाहिले आहे काय?

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. कोणत्याही धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलपुढे स्थानिक मुलांसाठी इंग्रजी मिस्सेचा किंवा इंग्रजी धर्मशिक्षणाचा अर्ज आला, तर मान्य वा अमान्य करण्याआधी अर्जदार पालकांना एकच गोष्ट लेखी विचारावी: आपल्या घरी संध्याकाळची प्रार्थना होते काय, होत असल्यास कोणत्या भाषेत, आणि घरातील सर्वांत वयस्क माणूस तिच्यात भाग घेऊ शकते काय. उत्तरे नावे गाळून चर्चच्या फलकावर लावावीत. पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या मुलांनी ती प्रार्थना घरच्या बोलीत शिकून यावी आणि ती शिकवायला आजी-आजोबांनाच वर्गात बोलवावे. ह्याला पाकीट लागत नाही. पुढच्या मिशन संडेपर्यंत एवढे करून पाहण्यास कोणत्या कौन्सिलची हरकत आहे, ते तिने ह्याच त्रैमासिकात लिहून कळवावे.