रुळायचं कुणी, बुटानं की पायानं?

"घालून घालून सैल होतील." चपला-बुटांच्या दुकानात जन्मलेलं आणि आपल्या घराघरात वाढलेलं हे वाक्य आता कायमचं बंद व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. आज ते मी जरा रागानंच मांडणार आहे. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा!

रागाचं कारण सांगते. माझ्या भाचीला मैत्रिणींबरोबर राजगड करायचा होता. त्यासाठी तिनं घोट्यापर्यंत येणारे, जाड चामड्याचे, चांगले महागातले बूट घेतले. दुकानात पायात चढवल्यावर अंगठा पुढे टेकतोय असं ती म्हणाली. दुकानदार म्हणाला, "ताई, लेदर आहे, घालून घालून सैल होईल." घरी आल्यावर माझ्या धाकट्या भावानंही तेच ऐकवलं, वर "आमच्या वेळी बुटानं रक्त काढल्याशिवाय तो आपला व्हायचा नाही" हेही ऐकवलं. (भाऊ हे वाचतोय हे मला माहीत आहे. वाचच बाबा.) गड चढताना पोरीला फारसं काही वाटलं नाही. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला दोन्ही अंगठे बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटत राहिले. खाली गुंजवण्यात पोचेपर्यंत नखं काळीनिळी झाली होती, पुढे एक गळून पडलं. नख परत येईल हो! पण ती आता म्हणते, "आत्या, मला ट्रेकिंग जमत नाही." याचा मला राग आहे. चूक बुटाची, आणि नालायक ठरले तिचे पाय!

माझं म्हणणं थोडक्यात असं. कडक बूट आणि लहान बूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडक बूट रुळतो. लहान बूट कधीही रुळत नाही, तो फक्त पायाला वाकवतो.

चामडं म्हणजे जनावराच्या कातडीतल्या तंतूंची घट्ट वीण. पुन्हापुन्हा वाकवलं की ते वाकण्याच्या जागी मऊ पडतं, रुंदीत थोडंसं ताणलंही जातं. त्यामुळे चवड्याच्या बाजूला बूट जरा घट्ट वाटत असेल, दुखत नसेल, तर काही दिवसांत तो बेताचा होतो. पण लांबीचं काय? बुटाच्या टोकाला आणि टाचेला आतून कडक आधार बसवलेले असतात आणि खाली तळ पक्का जोडलेला असतो. तो तळ घालून घालून वाढणार आहे का? पहिल्या दिवशी आखूड असलेला बूट हजाराव्या दिवशीही आखूडच राहतो. एवढी साधी गोष्ट दुकानदाराला कळत नाही असं मला वाटत नाही. त्याच्याकडे पुढचा नंबर शिल्लक नसतो, एवढंच!

आता ते नंबरांचं गौडबंगाल बघा. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी मापात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. हे झालं लांबीचं. रुंदीचं काय? परदेशात चांगल्या बुटांमध्ये एकाच लांबीत दोन-तीन रुंद्या मिळतात. आपल्याकडच्या दुकानात "रुंद पायाचा दाखवा" म्हटलं की एक नंबर मोठा आणून देतात, म्हणजे पुढे मोकळं आणि टाच सुटलेली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त माणसांची पावलं यंत्रानं मोजली. त्यातून दिसलं की आपल्या लोकांची पावलं चवड्याला जास्त रुंद असतात, आणि आपण घालतो ते बूट परक्या मापांचे. म्हणून भारतीय पावलांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. मला हे वाचून फार बरं वाटलं. इतकी वर्षं "तुमचा पायच फेंगडा आहे" हे ऐकून घेणाऱ्यांचा पाय सरळच होता तर! बायकांची तर आणखी पंचाईत. आपली टाच चवड्याच्या मानानं अरुंद असते आणि दणकट बूट म्हटले की दुकानात बहुतेक पुरुषांचेच साचे.

यावर "पूर्वी कुठे होते असले लाड?" हे ठरलेलं उत्तर येतं. पूर्वी काय होतं ते ऐका. पूर्वी गावातला कारागीर तुम्हाला कागदावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवायचा आणि त्या मापानं वहाणा बांधायचा. त्या कडक असायच्या हे खरं, वादी चार दिवस चावायची हेही खरं. त्यासाठी वहाणांना तेल पाजायचे. पण त्या तुमच्या पायाच्या होत्या! आपण पूर्वीचा चावरेपणा तेवढा जपला आणि पूर्वीचं माप सोडून दिलं. याला परंपरा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि "सैन्यात काय करतात?" असं विचारणाऱ्यांसाठी, कारण सोसण्याची गोष्ट निघाली की सैनिकांचं उदाहरण हमखास येतं. अमेरिकन सैन्यात एडवर्ड मन्सन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्या समितीनं सुमारे चार वर्षं सैनिकांची पावलं तपासली आणि १९१२ साली मन्सन यांचं सैनिकाचं पाऊल आणि लष्करी बूट याच विषयावरचं पुस्तक निघालं. सैनिकांचे पाय बिघडतात ते बुटांमुळे, तेव्हा बुटाचा साचाच पायाच्या आकाराचा करा, असं त्यांचं सांगणं. नवा बूट बघताना सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचं, म्हणजे १८ किलोंचं ओझं द्यायचं, कारण ओझ्यानं पाऊल पसरतं. माप त्या पसरलेल्या पावलाचं. मग नवे बूट घालून पाच मिनिटं अडीच इंच पाण्यात उभं राहायचं, तासभर सपाट जमिनीवर चालून ते पायातच वाळू द्यायचे आणि वर किंचित तेल चोळायचं. यातला क्रम ध्यानात घ्या. आधी माप, मग रुळवणं. पाण्यात भिजवायची युक्ती सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि त्याआधीचं मोजमाप सगळे विसरले! शिवाय ती युक्ती त्या काळच्या शिवलेल्या बुटांची. आजच्या चिकटवलेल्या तळाच्या, आत फोम आणि पडदे असलेल्या बुटांना ती करू नका. आणि ओले बूट शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरनं वाळवणं तर अगदीच वाईट. उष्णतेनं चामडं आकसतं, मग तडकतं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावेत, बोळे ओले झाले की बदलावेत.

मग बूट घ्यायचे कसे? चाळीस वर्षं खडू हातात होता, त्यामुळे शिकवल्याशिवाय राहवत नाही.

खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. ट्रेकला जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पायांचं माप उभं राहून घ्या. दोन पाय क्वचितच सारखे असतात, तेव्हा मोठ्या पायाला बसेल तो नंबर घ्या. आतली गादी बाहेर काढता येत असेल तर काढा आणि तिच्यावर उभे राहा. पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही. नाड्या सैल करून पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट जायला हवं. आता टाच मागे ठोकून नाड्या नीट आवळा आणि जिना उतरा. जिना चढून काही कळत नाही, उतरून कळतं! बोटं पुढे टेकली तर बूट परत करा. बूट वाकतो ती जागा आणि तुमचा चवडा वाकतो ती जागा एकच आहे ना, हेही बघा. नाहीतर पडणारी घडी नेमकी बोटांवर दाबते. टाच नव्या कडक बुटात अगदी थोडी उचलली जाते, तिची काळजी नको. तळ वाकायला लागला की ते कमी होतं. आणि निदान पंधरा-वीस मिनिटं दुकानात फिरा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, पैसे आपण देतोय.

एवढं करून आणलेला बूट मग खुशाल रुळवा. आधी घरातच रोज तासभर, मग भाजी आणायला, मग पर्वतीसारख्या एखाद्या टेकडीवर, आणि दोन-तीन आठवड्यांनी गडावर. नवे बूट घालून थेट गडावर जाणं म्हणजे अभ्यास न करता बोर्डाच्या परीक्षेला बसणं. चालताना एखादी जागा गरम लागायला लागली की तिथेच थांबा आणि चिकटपट्टी लावा, फोड येण्याची वाट बघू नका. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात, तेव्हा लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे बरे. एकाच हाडापाशी टोचत असेल तर चांगला मोची तेवढीच जागा साच्यावर ताणून देतो. या सगळ्यात थोडी कुरकुर होईल, ती मला मान्य आहे. मी काही मखमलीच्या सपाता मागत नाही. पण कुरकुर रोज कमी होत जायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेवढंच दुखत असेल तर ते रुळणं नव्हे.

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी, आणि हे मी हसत लिहीत नाहीये. आपल्यापैकी कितीतरी जणांना मधुमेह आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना तो आहे. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. अशा माणसाला बूट चावतोय हे कळतच नाही! फोड येतो, फुटतो, त्याची जखम होते, ती चिघळते आणि मग गोष्ट बोट किंवा पाऊल कापण्यापर्यंत जाऊ शकते. "घालून घालून सैल होतील" हे वाक्य अशा माणसाला सांगणं हा गुन्हा आहे, इतकं मी स्पष्ट म्हणते. आपण नवे बूट एका वेळी तास-दोन तासच घालावेत, काढल्यावर तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात, दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवंडांना बघायला सांगावं. लाजायचं काय त्यात?

मला वाटतं, बुटापेक्षाही आपल्याला सोसण्याचं कौतुक फार आहे. पंधरा ऑगस्टच्या संचलनात लंगडणारी मुलं मी दरवर्षी पाहत असे. विचारलं तर म्हणत, "बाई, नवे आहेत, आई म्हणाली सवय होईल." सवय होते, हीच तर भीती आहे. नव्या सुनेलाही आपण हेच सांगत आलो, "रुळशील हळूहळू." त्या घरानंही थोडं रुळायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही.

दुखणं खरं आहे की कुरकुर, हे ज्याचा पाय त्यालाच कळतं. म्हणून घरातलं लेकरू दुकानात "टोचतंय" म्हणालं की तिथल्या तिथे बूट काढा आणि पुढचा नंबर मागा. नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर भांडायला यावं. येताना आपापले बूट घालून या म्हणजे झालं, आमच्याकडे तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही!