पेटंट मिळालं, आता पुढे काय?

'आमचं उत्पादन पेटंटेड आहे' ही ओळ हल्ली गुडघ्याच्या पट्ट्यापासून पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रापर्यंत कशावरही दिसते. वाचणाऱ्याला वाटतं, सरकारनं तपासून शिक्का मारला. घरात किंवा गाळ्यात बसून काही नवं घडवणाऱ्याला वाटतं, तो कागद एकदा हाती आला की कंपन्या दारात रांग लावतील. दोघांचीही समजूत चुकीची आहे आणि दोघांनाही ती महागात पडते.

पेटंट, म्हणजे सरकारी मराठीतलं 'एकस्व', हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र नव्हे. परीक्षक मुख्यतः तीन गोष्टी पाहतो: वस्तू नवी आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का आणि उद्योगात ती वापरता येईल का. ती रुग्णाला बरं करते का, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. मिळणारा हक्कसुद्धा दुसऱ्याला रोखण्याचा असतो; 20 वर्षांचा आणि फक्त भारतापुरता. 'जागतिक पेटंट' नावाची चीज अस्तित्वात नाही. अर्ज अनेक देशांसाठी एकत्र करता येतो, पण हक्क शेवटी प्रत्येक देशात वेगळा आणि वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो.

या हक्काच्या बदल्यात संशोधकानं आपली युक्ती इतकी उघड लिहून द्यायची, की दुसऱ्या जाणकाराला ती करून पाहता यावी. मला हा सौदा फार मोलाचा वाटतो. गिरगाव चौपाटीवर 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची गोष्ट आपण हौसेनं सांगतो, तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. पण यंत्राचा तपासता येईल असा आराखडा नाही, मोजमापं नाहीत, त्यामुळे ती गोष्टच राहिली. त्याच काळातल्या आणि याच मुंबईतल्या शंकर आबाजी भिसे यांच्या यंत्रांचे तपशील मात्र पेटंटच्या दप्तरात आजही वाचता येतात. तरी दंतकथा लोकांच्या तोंडी आहे आणि भिसे विस्मरणात गेले आहेत.

भिसे 1867 साली मुंबईत जन्मले. लंडनच्या एका नियतकालिकानं आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याची स्पर्धा ठेवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती या मुंबईकरानं जिंकली आणि मग ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे सर रतन टाटांनी भांडवल घातलं. सगळा डाव होता तो खिळे पाडणाऱ्या यंत्रावर. छपाईचे शिशाचे खिळे झपाट्यानं ओतणारं हे यंत्र 'भिसोटाइप' म्हणून ओळखलं गेलं. कल्पना उत्तम होती, पेटंट होतं, पाठीशी दादाभाई आणि टाटांसारखी नावं होती. यंत्र मात्र बाजारात जम बसवू शकलं नाही. त्या धंद्यात लायनोटाइप आणि मोनोटाइप आधीच पाय रोवून बसले होते. छापखान्याला नुसतं यंत्र पुरत नाही. सुटे भाग, दुरुस्तीला येणारा माणूस आणि उधारीही लागते. टाटांचं भांडवल थांबलं आणि भिसे अमेरिकेला गेले. त्यांच्या नावावर सुमारे 200 शोध आणि 40 च्या आसपास पेटंटं सांगितली जातात. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये ते वारले.

अमेरिकेत त्यांचं जे उत्पादन खपलं ते यंत्र नव्हतं. ते होतं 'ॲटोमिडिन' नावाचं आयोडिनचं द्रव औषध. तिथल्या कायद्यानुसार औषधाचा गुण पुराव्यानं सिद्ध करणं 1962 नंतर सक्तीचं झालं. भिशांच्या काळी तसं बंधन नव्हतं. पुढे एडगर केसी या समाधीतून उपचार सांगणाऱ्या गृहस्थानं ॲटोमिडिनची शिफारस सुरू केली आणि त्याच्या अनुयायांत ते आजवर टिकलं. जास्तीचं आयोडिन थायरॉइडचं काम बिघडवू शकतं, हे आज डॉक्टर सांगतात. ज्या यंत्रावर भिशांनी वर्षंच्या वर्षं घातली त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ज्याच्या गुणाचा भक्कम पुरावा नव्हता त्याला मिळालं.

आता आजच्या संशोधकाकडे वळू. लालबाग-परळच्या गाळ्यांत लेथवर हात बसलेली माणसं अजून आहेत. वयस्कर आईला चाळीचा जिना चढता यावा म्हणून कुणी काठीला जोड बसवतो, कुणी खाटेची उंची बदलण्याची सोय करतो. असा माणूस पहिली चूक करतो ती कौतुकापोटी. गणपतीच्या देखाव्यात यंत्र मांडतो, चित्रफीत नातेवाइकांच्या गटात टाकतो, ती शंभर ठिकाणी जाते आणि त्यानंतर अर्जाचा विचार सुरू होतो. तोवर यंत्र 'नवं' राहिलेलं नसतं. सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध यांना कायद्यानं 12 महिन्यांची सवलत आहे, मंडळाच्या मंडपाला ती नाही. म्हणून आधी तात्पुरता अर्ज करावा. त्यात तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात.

सरकारी फी हा अडथळा नाही. व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर 1,600 रुपये, परीक्षणाच्या विनंतीला 4,000. खरा खर्च आणि खरं कौशल्य लागतं ते दावे लिहिण्यात. 'चार चाकांची खाट' असा दावा लिहिला, तर शेजारचा गाळेवाला तीन चाकं लावून मोकळा होतो. फार ऐसपैस लिहिला, तर परीक्षक जुनं उदाहरण काढून तो फेटाळतो. इथे जाणकार एजंटवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही. आणखी एक सोय फारशी कुणाला ठाऊक नसते: व्यक्तींनी केलेल्या अर्जात किमान एक अर्जदार स्त्री असेल, तर लवकर परीक्षणाची मागणी करता येते. अर्थात स्त्रीचं नाव सोयीपुरतं घालू नये, तिचा वाटा खरा असावा.

आरोग्यात काही दारं मुळातच बंद आहेत. उपचाराची किंवा निदानाची पद्धत भारतात पेटंट होत नाही, त्यासाठीचं उपकरण होऊ शकतं. आजीच्या बटव्यातलं ज्ञानही होत नाही. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट 1997 साली रद्द झालं. त्या लढाईचं नेतृत्व करणारे डॉ. रघुनाथ माशेलकर गिरगावात शाळा शिकलेले.

उपकरणाला पेटंट मिळालं तरी ते विकण्याचा परवाना मिळत नाही. तो वैद्यकीय उपकरणांच्या 2017 च्या नियमांखाली वेगळा घ्यावा लागतो. धोक्यानुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत आणि वरच्या वर्गांत सुरक्षिततेचा पुरावा मागितला जातो. एकटा संशोधक बहुतेक वेळा इथेच थकतो. नेमक्या अशाच वेळी 'तुमचा शोध आम्ही बाजारात नेतो, आधी एवढे भरा' म्हणणारे भेटतात. अमेरिकेत 1999 च्या कायद्यानं अशा मध्यस्थांना, आजवर किती गिऱ्हाइकांना फायदा झाला, हा आकडा करार करण्याआधी सांगणं बंधनकारक केलं. आपल्याकडे समोरच्याला तोच प्रश्न विचारायला कुणाची हरकत असणार? जो आकडा सांगत नाही त्याला पैसे देऊ नयेत. आधी मोठी रक्कम घेण्याऐवजी विक्रीतला हिस्सा घ्यायला जो तयार आहे, त्याचा स्वतःचा शोधावर निदान विश्वास तरी असतो.

मुंबईचं पेटंट कार्यालय ॲन्टॉप हिलला आहे. तिथून माटुंग्याचं व्हीजेटीआय जवळ; परळमध्ये केईएम, टाटा, वाडिया आणि हाफकिन. कल्पनेची नोंद, यंत्राची परीक्षा आणि रुग्णावरची पडताळणी, तिन्ही कामं करू शकणाऱ्या संस्था काही किलोमीटरच्या आत आहेत. त्यांनी मिळून महिन्यातला एक दिवस, एक खोली, कुठल्याही संस्थेत नसलेल्या माणसासाठी ठेवावी. अभियंत्यानं यंत्र पाहावं, डॉक्टरनं सांगावं की याची वॉर्डात खरंच गरज आहे का आणि पेटंटच्या जाणकारानं गुप्ततेचा करार करून घ्यावा. 'याला गिऱ्हाईक नाही' हे उत्तरसुद्धा तिथे फुकट मिळालं पाहिजे, दागिने गहाण टाकण्याच्या आधी.