ड्रॉवरखालचे चॅनेल घेण्यापूर्वी



मुळशी तालुक्यातील भूगाव, पिरंगुट, माण, हिंजवडी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत आपल्या पुष्कळ कुटुंबांनी स्वतःची घरे केली. कोणी कर्ज काढून लहानसा फ्लॅट घेतला, कोणी गावातल्या जुन्या घरावर स्लॅब टाकला. घर झाले की ओट्याखालच्या फर्निचरचा विषय निघतोच. आपल्या कितीतरी भगिनी हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याची व स्वयंपाकाची कामे करतात. नुसता हात लावला की अलगद मिटणारा, बाजूला लोखंडी पट्टी न दिसणारा ड्रॉवर त्या रोज उघडतात आणि रोज पुसतात. तसा एखादा ड्रॉवर आपल्याही घरी असावा असे त्यांना वाटले तर त्यात चैन कसली? हौस आहे, ती पुरवावी. परंतु या ड्रॉवरचे गणित नेहमीच्या ड्रॉवरपेक्षा निराळे आहे. ते न कळल्यामुळे पैसे वाया जातात आणि वर भांडणे होतात. असेच एक भांडण मध्यंतरी आमच्याकडे आले, म्हणून हा विषय घेतला आहे.

आपल्याकडे सुतार ज्याला नुसते ‘चॅनेल’ म्हणतात ते ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना लागते. आत बारीक छर्रे असतात आणि त्यावर ड्रॉवर सरकतो. दुसरा प्रकार ड्रॉवरच्या पोटाखाली बसतो. दुकानात त्याला ‘अंडरमाउंट’ म्हणतात. ड्रॉवर त्याच्यावर वरून ठेवलेला असतो, मागे आकड्यात अडकतो आणि पुढे खालून दोन प्लास्टिकच्या कळांनी धरला जातो. कळा दाबल्या की अख्खा ड्रॉवर उचलून बाहेर येतो. झुरळे आणि उंदीर ज्या घराच्या पाचवीला पुजलेले आहेत तिथे या सोयीची किंमत गृहिणीलाच कळेल. शिवाय पट्टी तळाच्या फळीखाली झाकलेली राहते, त्यामुळे पीठ, रवा, मोहरीचे दाणे तीत पडत नाहीत. बाजूच्या चॅनेलमध्ये ते पडतात आणि वर्षभरात ड्रॉवर कुरकुरू लागतो.

पण एक गोष्ट आधी पाहावी. ज्यांच्याकडे स्टीलच्या तारेच्या ट्रॉल्या आहेत, त्यांनी या नादी लागू नये. त्या जाळ्या बाजूच्या चॅनेलवरच बसतात. पोटाखालच्या चॅनेलला लाकडाचा किंवा प्लायचा खोका लागतो, म्हणजे चॅनेलच्या खर्चात खोक्याचाही खर्च मिळवावा लागतो. चॅनेलची किंमतही साध्यापेक्षा बरीच जास्त असते. ओट्याखाली पाच ड्रॉवर असतील तर पाचही याच पद्धतीचे करायला कोणी सांगितलेले नाही. दिवसातून वीस वेळा उघडणारा एक आणि घरातल्या म्हातारीला वाकून उघडावा लागणारा एक, असे दोन करावेत. बाकीच्यांना चांगले छऱ्याचे चॅनेल पुरते. कांदे-बटाट्याच्या ड्रॉवरला तर कोणतेही चालेल.

विकत घेताना तीन गोष्टी विचारा. पहिली म्हणजे ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो की पाऊण. पाऊण येणारा स्वस्त मिळतो, पण मागचा डबा काढताना हात आत घालून चाचपावे लागते. दुसरी वजनाची. सर्वसाधारण घरगुती अंडरमाउंट चॅनेल तीस किलोच्या आसपास वजन पेलते, नेमका आकडा खोक्यावर छापलेला असतो. त्या आकड्यात ड्रॉवरच्या स्वतःच्या लाकडाचे वजनही धरावे. तांदळाची दहा-दहा किलोची दोन पोती, वर खलबत्ता, असा संसार एका ड्रॉवरमध्ये कोंबला तर हळू मिटवणारा दट्ट्या फार दिवस टिकणार नाही. तिसरी गोष्ट, तो ‘सॉफ्ट क्लोज’ आहे की दाबून उघडणारा. दाबून उघडणाऱ्याला मूठ लागत नाही, दिसायला छान दिसतो. पण लहान खोलीत येता-जाता गुडघा लागला की तो उघडतो. आमच्या मते लहान स्वयंपाकघरात मूठ असलेला सॉफ्ट क्लोजच बरा.

आता त्या भांडणाकडे येऊ. पिरंगुटजवळच्या एका कुटुंबाने वस्तीतल्याच एका सुतारकाम करणाऱ्या मुलाला काम दिले. मुलगा हाताचा चांगला. त्याने नेहमीच्या मापाने चार ड्रॉवरचे खोके तयार केले. नंतर घरधनी पुण्यात जाऊन अंडरमाउंट चॅनेल घेऊन आले. ते एकाही खोक्याला बसेना. चारही खोके उसकटावे लागले, प्लाय फुकट गेला आणि घरधन्याने दोन दिवसांची मजुरी कापली. मुलाचे म्हणणे, मला चॅनेल आधी दाखवले कुठे? आम्ही दोघांचेही ऐकून घेतले आणि मजुरी पूर्ण द्यायला लावली. ज्याच्या हाती कंपनीच्या मापाचा कागदच पडला नाही, त्याच्याकडून नुकसानभरपाई घेणे बरोबर नव्हे.

चूक कुठे झाली ते आकड्यांनी पाहू. समजा, कपाटाच्या आतली मोकळी रुंदी 600 मिलिमीटर आहे. साध्या चॅनेलला प्रत्येक बाजूस सुमारे 13 मिलिमीटर जागा लागते, म्हणून सुतार खोक्याची बाहेरची रुंदी 574 धरतो. 12 मिलिमीटरचा प्लाय वापरला तर खोक्याची आतली रुंदी 550 येते. अंडरमाउंटमध्ये हिशेब उलटा आहे. तिथे बाहेरच्या मापाला महत्त्व नाही, आतल्याला आहे, कारण चॅनेल खोक्याच्या दोन बाजूंच्या मधोमध, पोटाखाली बसते. बऱ्याच कंपन्यांच्या मापात 16 मिलिमीटर जाडीच्या बाजू धरून, मोकळ्या रुंदीतून 42 वजा करायला सांगतात. म्हणजे आतली रुंदी 558 हवी. त्यात 16 आणि 16 मिळवले की बाहेरची 590. मुलाचा खोका आत आठ मिलिमीटरने अरुंद होता, मग तो चॅनेलवर बसणार कसा? 18 मिलिमीटरचा प्लाय वापरायचा असेल तर त्याला चालणारे चॅनेल निराळे निघते, वजा करायचा आकडाही निराळा असतो. तेव्हा 42 हा आकडा पाठ करून ठेवू नये. ज्या चॅनेलचे पैसे दिले त्याच्याच कागदावरचा आकडा धरावा.

आणखी एक अडचण सुताराच्या टेपात आहे. आपले सुतार इंच आणि सुतात मोजतात. आठ सुतांचा इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित मोठे. 600 मिलिमीटर म्हणजे 23 इंच 5 सूत, हे बरोबर जुळते. पण 42 मिलिमीटर म्हणजे तेरा सूत आणि वर थोडे. ते ‘वर थोडे’ प्रत्येक मापात अंदाजाने धरले की शेवटी ड्रॉवर हलतो किंवा अडकतो. साध्या चॅनेलला थोडी चिंधी लावून, पाचर मारून निभावता येते. इथे निभावत नाही. म्हणून या कामापुरता मिलिमीटरचा टेप हाती घ्यायला सांगावे. सुतारदादांनी यात कमीपणा मानू नये. ज्याला हे काम नीट येईल त्याला हिंजवडी-बावधनच्या सोसायट्यांत काम कमी पडणार नाही.

खोका करताना तळाची फळी बाजूंच्या खालच्या कडेपासून साधारण 13 मिलिमीटर वर घ्यावी लागते, त्या पोकळीत चॅनेल लपते. मागच्या फळीला खालून दोन्ही कोपऱ्यांत खाचा पाडाव्या लागतात आणि आकड्यासाठी दोन भोके. खोका काटकोनात आहे की नाही ते पाहायला गुण्या पुरत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरके माप घ्यावे, दोन्ही सारखे आले पाहिजेत. खोक्याची लांबी चॅनेलच्या लांबीवरून ठरते. चॅनेल 250 मिलिमीटरपासून पन्नास-पन्नासच्या टप्प्याने मिळतात. कपाटाची आतली खोली चॅनेलपेक्षा थोडी जास्त हवी. ओट्यामागून नळाची पाइप गेलेली असेल तर भिंतीपासून नव्हे, पाइपपासून मोजावे.

चॅनेल ठोकताना प्लायच्या एका पट्टीचा फर्मा करून तो कपाटाच्या तळाशी दोन्ही बाजूंना ठेवावा आणि त्यावर चॅनेल टेकवून स्क्रू मारावेत, म्हणजे दोन्हीकडची उंची एकसारखी येते. स्क्रूला आधी बारीक भोक पाडावे. दर्शनी फळी कपाटावर बाहेरून बसणार असेल तर चॅनेल पुढच्या कडेपासून जरासे आत, आणि फळी कपाटाच्या आत बसणार असेल तर फळीची जाडी सोडून आत. पुढच्या कळांना उंची कमी-जास्त करण्याची सोय असते. सुतार निघण्यापूर्वी दर्शनी फळ्या एका रेषेत आणून घ्याव्यात आणि कळा कशा दाबायच्या ते घरातल्या बाईला शिकवायला सांगावे. हे घरधन्यालाच दाखवून जातात आणि ड्रॉवर तर तो कधी उघडत नाही!

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. ताम्हिणीच्या बाजूला तर भिंतींना महिनोन् महिने ओल असते. साधा कमर्शियल प्लाय तिथे फुगतो आणि दोन-तीन मिलिमीटर फुगला तरी हा ड्रॉवर अडतो. खोक्याला निदान ‘बीडब्ल्यूआर’ लिहिलेला प्लाय घ्यावा आणि बेसिनखाली आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन. भुशाच्या बोर्डात स्क्रू धरत नाहीत, तो टाळावा. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत. शक्य असेल तर हे काम पावसाळा सरल्यावर, भिंती सुकल्यावर काढावे.

खरेदीला भवानी पेठेतले टिंबर मार्केट किंवा रविवार पेठेतली बोहरी आळी गाठता येते. जाताना सुताराला बरोबर न्यावे, त्याचा तो दिवस मजुरीत धरावा. आधी एकच जोडी घ्यावी, एक ड्रॉवर पूर्ण बसवून आठ दिवस वापरावा आणि मग बाकीच्या जोड्या त्याच कंपनीच्या, त्याच नंबरच्या आणाव्यात. पक्के बिल मागावे. बिल आणि मापाचा कागद ड्रॉवरमध्ये नव्हे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. पुढेमागे एखादी कळ तुटली तर दुकानदाराला नंबर सांगावा लागतो.