बालपणीच्या मालिकांचे मालक कोण?

दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ किंवा ‘जंगल बुक’ पाहत मोठी झालेली पिढी आता पालकांच्या भूमिकेत आहे. आपण पाहिले ते मुलांनाही दाखवावे, असे या पिढीला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या मालिकेची अधिकृत प्रत मागायची कोणाकडे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जिने मालिका काढली ती कंपनी बहुधा अस्तित्वात नसते, जिने दाखवली ती वाहिनी मालक नसते आणि ज्याच्या हाती हक्क आहेत त्याला ती पुन्हा दाखवण्यात रस असतोच असे नाही. वरवर करमणुकीचा वाटणारा हा विषय वस्तुतः सांस्कृतिक ठेवा जपायचा कोणी, या प्रश्नाशी जोडलेला आहे.

एका मालिकेचा प्रवास

‘ही-मॅन’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अमेरिकेतील मॅटेल या खेळणी कंपनीने १९८२ मध्ये ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही बाहुल्यांची मालिका बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८३ मध्ये, फिल्मेशन या स्टुडिओने तिच्यावर आधारित कार्टून सुरू केले. दोन वर्षांत त्याचे १३० भाग झाले. फिल्मेशन तेव्हा वेस्टिंगहाउस या बड्या उद्योगसमूहाच्या ताब्यात होती. १९८९ मध्ये वेस्टिंगहाउसने ती विकली, आणि विकत घेणाऱ्या गटाचे नेतृत्व होते लॉरिआल या फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीकडे! या गटाला स्टुडिओ चालवायचा नव्हता, हवा होता तो तयार मालिकांचा साठा. त्यामुळे फेब्रुवारी १९८९ मध्ये फिल्मेशनला टाळे लागले. मोठ्या कर्मचारी-कपातीची ६० दिवस आधी सूचना देणे बंधनकारक करणारा अमेरिकी कायदा ४ फेब्रुवारी रोजी अमलात येणार होता. टाळे लागले ते त्याच्या आदल्या दिवशी. चित्रे काढणारे हात रिकामे झाले, त्यांनी काढलेली चित्रे मात्र ‘मालमत्ता’ म्हणून शिल्लक राहिली.

ही मालमत्ता त्यानंतर स्वस्थ बसली नाही. नव्वदच्या दशकात ती हॉलमार्ककडे गेली. २००४ मध्ये एंटरटेन्मेंट राइट्स या ब्रिटिश कंपनीने ती घेतली. २००९ मध्ये ही कंपनी आर्थिक संकटात सापडल्यावर तिचा साठा क्लासिक मीडियाच्या छत्राखाली आला. ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनने २०१२ मध्ये क्लासिक मीडिया १५.५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१६ मध्ये कॉमकास्टच्या एनबीसी-युनिव्हर्सलने ३८० कोटी डॉलर मोजून ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनच ताब्यात घेतली. यांपैकी एकाही सौद्याचे कारण केवळ ‘ही-मॅन’ नव्हते. मोठ्या गाठोड्यात बांधलेली ती एक चिंधी होती. हस्तांतरात जुन्या प्रतींची किती हेळसांड होते, याचाही प्रत्यय याच साठ्याने दिला. डीव्हीडी काढण्याची वेळ आली तेव्हा फिल्मेशनच्या अनेक मालिकांच्या मूळ फिल्मऐवजी युरोपीय प्रक्षेपणासाठी केलेल्या व्हिडिओ-प्रतींवरच भागवावे लागले.

हक्क एक नव्हे, अनेक

यात आणखी एक गुंता आहे. मालिकेचे भाग एकाचे असले तरी त्यातील पात्र दुसऱ्याचे असू शकते. ‘ही-मॅन’ या पात्रावर आणि नावावर मॅटेलचा अधिकार राहिला. म्हणूनच २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याच पात्रांची नवी मालिका आली ती मॅटेलच्या पुढाकाराने. जुन्या भागांचा साठा मात्र वेगळ्याच वाटेने फिरत राहिला. याखेरीज संगीताचे हक्क वेगळे, स्थानिक भाषेतील ध्वनिमुद्रणाचे वेगळे आणि बोधचिन्हाचे वेगळे. यातील एका धाग्याची कागदपत्रे हरवली तरी संपूर्ण मालिका अडकून पडते.

पात्र आणि त्याचा निर्माता यांची ताटातूट तर या व्यवसायाइतकीच जुनी आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९२७ मध्ये ‘ऑस्वाल्ड’ हा ससा युनिव्हर्सलसाठी घडवला. करारानुसार हक्क युनिव्हर्सलचे असल्याने पुढच्याच वर्षी तो त्यांच्या हातून गेला. त्या धक्क्यातून मिकी माऊसचा जन्म झाला. ऑस्वाल्ड डिस्नेच्या घरी परतला तो २००६ मध्ये. त्या वेळी अल मायकल्स या नामवंत क्रीडा समालोचकाला डिस्नेच्या वाहिनीवरून एनबीसीकडे जाऊ देण्याच्या मोबदल्यात जे काही मिळाले, त्यात हा ससाही होता. ‘टॉम अँड जेरी’ची कथाही फारशी निराळी नाही. एमजीएमने आपला कार्टून विभाग १९५७ मध्ये बंद केला. टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम घेतली, कर्जाच्या ओझ्यामुळे लवकरच स्टुडिओ परत विकला; पण चित्रपटांचा साठा स्वतःकडे ठेवला. १९९१ मध्ये त्यांनी हॅना-बार्बेरा कंपनीही घेतली. या साठ्याच्या बळावर १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क उभे राहिले आणि १९९५ मध्ये ते भारतात पोहोचले. जुना माल हाच नव्या वाहिनीचा पाया ठरला. जुन्या कार्टूनचे व्यापारी मोल टर्नर यांनी इतरांच्या आधी ओळखले, असेच म्हणावे लागेल.

मोगली नेमका कोणाचा?

भारतीय प्रेक्षकाला सर्वांत जवळचे उदाहरण अर्थातच मोगलीचे. रुडयार्ड किपलिंग यांचे ‘द जंगल बुक’ १८९४ मधील. त्यांचे निधन १९३६ मध्ये झाले आणि तत्कालीन भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी, म्हणजे १९८६ अखेर, त्यांचे लेखन येथे सर्वांसाठी खुले झाले. मोगलीची गोष्ट आज कोणीही सांगू शकतो. परंतु दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात गाजलेली मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९-९० मध्ये तयार केली होती. त्या चित्रांवर हक्क त्या कंपनीचा. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटातील मोगलीचे रूप डिस्नेचे. आणि गुलजार यांनी लिहिलेले, विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले हिंदी शीर्षकगीत तर या दोहोंपैकी कोणाच्याच मूळ कृतीत नव्हते. ते भारतातच जन्माला आले.

या गीताची पुण्याई किती, हे २०१६ मध्ये दिसले. डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ भारतात आला तेव्हा त्याच्या हिंदी प्रसिद्धीसाठी हेच गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि शेरखानला पुन्हा नाना पाटेकर यांचाच आवाज देण्यात आला. एका कंपनीच्या चित्रपटाने दुसऱ्या कंपनीच्या मालिकेच्या भारतीय आवृत्तीची आठवण उसनी घेतली! प्रेक्षकाच्या मनातला मोगली जपानी चित्र, इंग्रजी कथा, हिंदी गीत आणि मराठी नटाचा आवाज यांनी मिळून घडला होता. कायद्याच्या लेखी मात्र हे चार स्वतंत्र हिशेब आहेत. दूरदर्शनने ही मालिका दाखवली म्हणून दूरदर्शन तिचे मालक झाले नाही. प्रक्षेपणावर प्रक्षेपकाला मिळणारा हक्क आपल्याकडे २५ वर्षांचा. तो संपला तरी मालिकेचा मूळ हक्क अबाधित राहतो.

मुदत संपण्याची वाट

मग वाट किती पाहायची? भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो आणि दूरचित्रवाणीवरील कार्टूनही कायद्याच्या दृष्टीने चित्रपटच ठरते. त्या हिशेबाने १९८३ मधील ‘ही-मॅन’चे भाग येथे २०४४ मध्ये खुले होतील. अमेरिकेत अशा कंपनी-निर्मित कृतींची मुदत ९५ वर्षांची असल्याने तेथे त्यासाठी २०७९ उजाडावे लागेल. १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने मुदत २० वर्षांनी वाढवली होती. ती वाढ संपून १ जानेवारी २०२४ रोजी मिकीचा ‘स्टीमबोट विली’ (१९२८) तेथे मुक्त झाला. तथापि, मुक्त झाला तो केवळ त्या लघुपटातील मिकी. नंतरची रूपे आणि डिस्नेचे व्यापारचिन्ह कायमच आहे.

मुदत संपेपर्यंत प्रत टिकेल काय, हा खरा प्रश्न आहे. फिल्म विरते, चुंबकीय फितीवर बुरशी चढते. हक्क जिवंत आणि कृती मृत, असे व्हायला नको. विजया मुळे दिग्दर्शित ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा दूरदर्शनवर असंख्य वेळा दाखवलेला लघुपट सार्वजनिक पैशातून झालेला असूनही, कायद्याने तो २०३५ पूर्वी खुला होत नाही. तो लोकांच्या स्मरणात राहिला आहे तो प्रामुख्याने लोकांनीच त्याच्या प्रती फिरवत ठेवल्यामुळे.

वाट नाही असे नाही

भारतीय कायद्यात यावर मार्ग आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने हक्कधारक सापडत नसलेल्या प्रकाशित कृतींसाठीही सक्तीच्या परवान्याची तरतूद झाली. अर्जदाराने आधी वृत्तपत्रात जाहिरात द्यावी, मोबदला जमा करावा आणि कृती लोकांपुढे आणावी, अशी ही व्यवस्था आहे. हक्कधारक माहीत असूनही तो कृती दडपून ठेवत असेल, तर त्यासाठी वेगळे कलम आहे. सार्वजनिक ग्रंथालयाकडे जुनी प्रत असल्यास जतनासाठी तिची संगणकीय प्रत करण्यासही मुभा आहे. मात्र कार्टूनच्या बाबतीत या तरतुदींकडे सहसा कोणी वळत नाही. खर्च आणि खटपट करायची कोणी, हा यामागचा व्यवहारी प्रश्न आहे. पालकाला मालिका हवी असते, खटला नको असतो.

प्रसारभारतीने मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात ‘रामायण’ पुन्हा दाखवले तेव्हा प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात तिने स्वतःचे ‘वेव्हज’ हे डिजिटल व्यासपीठही सुरू केले. आपल्या संग्रहातील बालमालिकांची यादी, त्यांच्या प्रतींची स्थिती आणि त्यांचे हक्क कोणाकडे आहेत याची नोंद तिने जाहीर केली, तरी निम्मे काम होईल. परदेशी मालिकांचे हक्क विकत घेणे महाग असेल. त्यांच्या हिंदी ध्वनिमुद्रणाच्या फिती जपणे तितके महाग नाही. त्या फिती जगात अन्यत्र कोठेही असण्याची शक्यता कमीच. हक्कांचे सौदे परदेशांतील कार्यालयांत होत राहतील. येथे जन्मलेला आवाज सांभाळण्याची जबाबदारी मात्र येथल्याच संस्थांना घ्यावी लागेल, आणि त्यासाठी २०४४ पर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही.