पाळणेवाला नाव विचारत नाही



परवा चौथीतला एक पोरगा मला म्हणाला, "मॅडम, मोबाईलात मी तीस वर्षांचा आहो!" वर्ग खो-खो हसला. खेळ उघडताना वय विचारलं, यानं भलतंच साल दाबलं, खेळ सुरू! हसू नका हं, तुमच्यातल्या कित्येकांनी हेच केलंय.

आता मात्र हे एवढं सोपं राहणार नाही. २०२३ साली आपल्या देशात डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची, तर आई-बाबांची खात्रीलायक संमती हवी, असं तो म्हणतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळाले.

छान झालं, असं मीही म्हणाले. पण खात्री करायची कशी? ओळखपत्राचा नाहीतर चेहऱ्याचा फोटो द्या! आणि लहान कोण हे शोधायचं, तर मोठ्यांनाही तपासावं लागणार. मग ते फोटो राहतात कुठे? २०२५ मध्ये डिस्कॉर्ड कंपनीनं कळवलं, की वय तपासण्यासाठी घेतलेल्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. सुमारे ७०,००० जणांचे! पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार?

दिवाळीनंतरच्या आपल्या मंडईतला पाळणेवाला आठवा. तो नुसतं बघतो अन् म्हणतो, "लहान आहेस, बाबांना आण." नाव-गाव विचारत नाही, फोटो ठेवून घेत नाही. संगणकालाही 'अठरा पूर्ण, हो की नाही' एवढ्यावर भागवता येतं. आपल्या नियमांतही डिजिलॉकरसारख्या सेवेकडून नुसती खूणचिठ्ठी पाठवायची सोय आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. हा हक्क तुमचाही आहे बरं!

त्या पोराला मी म्हटलं, "खरं साल टाक. पण आधारचा फोटो मागितला तर थांब, आधी आईला दाखव."

"आई-बाबा तर कामाला हैदराबादला गेले जी. घरी आजीच आहे."

पालकहो, कायद्यात आई-बाबा किंवा कायदेशीर पालक असं लिहिलंय. आजीजवळ तसा कागद कुठला?